डबा दडवा, पण कवाड लावा

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यातली गोष्ट. डोंगरपायथ्याच्या एका वाडीत भाताची रोपे पाहावयास गेलो, तो शेतकरीदादा बांधावर डोक्याला हात लावून बसलेले. आदल्या दिवशी किल्ल्यावर निघालेली शहरातली मुले त्यांच्या रानातून गेली होती आणि जाताना कुंपणाचे कवाड उघडे राहिले होते. रात्रीतून मोकाट जनावरे आत शिरली. दोन गुंठ्यांचा तरवा फस्त झाला. दोन गुंठ्यांचा तरवा गेला म्हणजे वीस गुंठ्यांची लावणी गेली, हे आपणांस सांगावयास नको.

मला वाटले, दादा मुलांना शिव्या घालतील. पण ते म्हणाले, "साहेब, पोरं वाईट नव्हती हो. मला रामराम घालून गेली. कवाड लावायचं असतं, हे त्यांना कुणी शिकवलंच नाही."

हे वाक्य मनात घोळत असतानाच पुण्यात संगणकाचे काम करणारा माझा भाचा घरी आला. त्याला परदेशी पसरलेला एक नवा छंद जडला आहे. त्याचे नाव जिओकॅशिंग. आपण त्याला डबाशोध म्हणू. त्याची माहिती ऐकली आणि वाटले, ही हकिगत आपल्या शेतकरी कुटुंबांच्या कानी घातलीच पाहिजे.

डबाशोध म्हणजे काय?

कोणी एक जण पाणी न शिरणारा डबा रानात, झाडाच्या ढोलीत किंवा दगडाआड ठेवतो. आत एक छोटी वही असते. डब्याच्या जागेचे अक्षांश-रेखांश तो जाहीर करतो. बाकीचे मोबाईलच्या साहाय्याने तो शोधतात, वहीत नाव व तारीख लिहितात आणि डबा होता तेथेच ठेवतात. आत एखादे खेळणे किंवा बिल्ला असला, तर तो घेऊन तेवढ्याच मोलाची दुसरी वस्तू ठेवावयाची, असा रिवाज आहे.

अक्षांश-रेखांश हे शब्द आता आपणांस परके नाहीत. २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली, तेव्हापासून पिकाचा फोटो काढताना शेताची जागा मोबाईलच नोंदवतो. आकाशातल्या ज्या उपग्रहांच्या आधारे ते काम चालते, त्यांच्याच आधारे हा खेळ चालतो.

पूर्वी अमेरिकन सरकार सर्वसामान्यांना मिळणाऱ्या उपग्रह-संकेतांत मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत चुके. २ मे २००० रोजी ही चूक काढून टाकण्यात आली. दुसऱ्याच दिवशी ऑरेगॉन राज्यात डेव्ह अल्मर या गृहस्थांनी एक बादली रानात दडवून तिचा ठावठिकाणा जाहीर केला. त्या एका बादलीचे आज जगभर तीस लाखांहून अधिक डबे झाले आहेत.

डार्टमूरची जुनी चाल

पण डबे दडविण्याची हौस त्याहून जुनी आहे. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात डार्टमूर नावाचा सुमारे साडेनऊशे चौरस किलोमीटरचा माळरानी डोंगराळ मुलूख आहे. तेथे १८५४ मध्ये जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने क्रॅनमिअर पूल या दुर्गम दलदलीच्या जागी एक बरणी ठेवली. तेथवर चालत जाणारा आपले नावाचे कार्ड तीत टाकून येई. पुढे डबे वाढले आणि त्यांत वही व रबरी शिक्का आला. शंभर डबे शोधणाऱ्यांचा तेथे एक क्लबच आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. हे माळरान ओसाड नाही. आसपासच्या शेतकऱ्यांची मेंढरे, गुरे आणि तट्टे तेथे पिढ्यान् पिढ्या चरतात. १९८५ च्या कायद्याने सामायिक कुरणावर लोकांना पायी व घोड्यावरून फिरण्याची मोकळीक मिळाली. तेव्हा एकाच रानात एकीकडे चरणारी मेंढी आणि दुसरीकडे डबा शोधणारा हौशी, असा संसार मांडला गेला. तो चालवावयाचा तर नियम हवेत. ते या छंदिष्टांनी आपल्या आपण घालून घेतले.

नियम कोणते?

डबा दगडी भिंतीत ठेवायचा नाही. तेथील भिंती आपल्या कोकणातल्या गडग्यांसारख्या, चुनामातीशिवाय रचलेल्या असतात. डबा हुडकण्यासाठी एक दगड ओढला की गडगा ढासळतो आणि मेंढरे शेजारच्या पिकात शिरतात. पुरातन दगडांच्या जागीही डबा ठेवायचा नाही. सिमेंट लावून तो पक्का करायचा नाही.

डबाशोधाचे नियमही असेच आहेत. जमिनीच्या मालकाची परवानगी घ्यावयाची. परस्पर खड्डा खणून डबा पुरायचा नाही. आत खाण्याची वस्तू ठेवायची नाही, कारण वासाने जनावर येते आणि डबा फोडते. ब्रिटनमध्ये २००३ साली या मंडळींची एक संघटना उभी राहिली. जमीनमालकांशी बोलणी करणे हे तिचे एक मुख्य काम आहे.

२०११ च्या जुलैत यॉर्कशरमधील वेदरबी गावी एका उपाहारगृहाबाहेर दडविलेला डबा बॉम्ब समजून लष्कराच्या पथकाने उडवून दिला. पत्ता न कळवता ठेवलेली वस्तू लोकांना भिववते, हा धडा त्यातून मिळाला.

शिवाय २००२ पासून 'डबा शोधा, कचरा उचला' असा उपक्रम चालतो. रानात जाताना रिकामी पिशवी न्यायची आणि येताना वाटेतला कचरा भरून आणायचा.

रोग पायाला चिकटून येतो

२००१ साली ब्रिटनमध्ये लाळ्या-खुरकुताची भयंकर साथ आली. साठ लाखांवर जनावरे मारावी लागली. डेव्हन परगण्याला तिचा जबर तडाखा बसला. रोगाचे विष बुटाला आणि चाकाला लागलेल्या चिखलातूनही पसरते, म्हणून रानातल्या पायवाटा बंद करण्यात आल्या. हौस थांबली ती थांबलीच, पण गावातली खानावळी-धर्मशाळांची कमाईही बुडाली.

आपल्याकडे साथीच्या दिवसांत परक्या माणसाला गोठ्यात नेऊ नये. दाराशी धुण्याच्या सोड्याचे पाणी, म्हणजे दहा लिटर पाण्यात चारशे ग्रॅम सोडा, पसरट घमेल्यात ठेवून त्यात पाय बुडवूनच आत यावे. आणि दर सहा महिन्यांची लस चुकवू नये.

आपण काय करावे?

डोंगर चढायला येणारी मुले वाढणार आहेत, ती थांबवता येणार नाहीत. पण वाट शिस्तीची करता येते. इंग्लंडात पायवाट जेथे कुंपण ओलांडते तेथे कवाडाऐवजी फळीची पायरी करतात. माणूस चढून उतरतो, जनावराला ते जमत नाही. आणि जे कवाडच नाही ते उघडे राहण्याचा प्रश्नच नाही.

मी त्या दादांना हे सांगितले. गेल्या वर्षी शेजाऱ्याने उरलेले रोप दिले म्हणून त्यांची निम्मी लावणी झाली, निम्मे रान पड राहिले. घरच्या माउली म्हणाल्या, "तांदूळ विकत आणायची वेळ आली, तेव्हा कवाडाची किंमत कळली."

यंदा मृगाआधी दोन खुंट आणि दोन जुन्या फळ्या घेऊन आम्ही पायरी केली. कवाडाला साखळी लावली. त्यांच्या शाळकरी लेकीने पत्र्यावर रंगाने लिहिले: 'पाहुण्यांनो, फळीवरून या. पाणी हवे तर हाक मारा.'

परवा गेलो तेव्हा वीसच्या वीस गुंठ्यांत लावणी पुरी झाली होती. दादा म्हणाले, "पोरं आली होती. हाक मारून पाणी प्याली, आणि फळीवरूनच गेली."