शॉकपवर ओझे नसते

मोटारीचे वजन शॉक अब्जॉर्बर पेलत नाही. ते काम स्प्रिंगचे आहे. बोलेरो, टाटा सुमो, क्वालिस आणि टवेरा यांच्या मागच्या आसावर ते कमानपाटे करतात. जुन्या सफारीच्या मागे कॉइल स्प्रिंग असते, तर सफारी, क्वालिस आणि टवेरा यांच्या पुढच्या बाजूला टॉर्शन बार, म्हणजे पिळला जाणारा पोलादी दांडा असतो. नांदेड-लातूरच्या गॅरेजांत ज्याला सरसकट ‘शॉकप’ म्हणतात, त्या नळीकडे वेगळी जबाबदारी असते. चाक खड्ड्यात गेले की स्प्रिंग दबते आणि मग उसळते. तिला कोणी आवरले नाही, तर गाडी कितीतरी वेळ वरखाली होत राहील. शॉकपमधला दट्ट्या तेलातून सरकतो, तेल झडपांच्या बारीक वाटांमधून जोराने जाते आणि उसळीची शक्ती उष्णतेत जिरते. बँकेच्या काचेच्या दाराला लावलेला क्लोजर याच तत्त्वावर चालतो. पंधरा-वीस किलोमीटर खराब रस्त्याने आलेल्या गाडीचा शॉकप म्हणूनच हाताला गरम लागतो. एकाच आसावरचा एक गरम आणि दुसरा गार असेल, तर संशय गार असलेल्यावर घ्यावा.

ओझे आणि उसळी यांतला हा फरक लक्षात न आल्याने सर्वांत खर्चिक चूक होते. गाडी मागून बसली, माणसे भरली की मडफ्लॅप रस्त्याला टेकू लागले, की मालक नवे शॉकप टाकतो आणि गाडी तितकीच बसलेली राहते. ती बसते कमानीमुळे: पाटा लवलेला असतो, तुटलेला असतो किंवा शॅकलचे बुश खाल्लेले असतात. वायू भरलेल्या शॉकपने उंचीत किंचित फरक पडतो, पण तो डोळ्यांनी पाहण्याइतकाही नसतो. गाडी बसली असेल तर पाटे काढून त्यांचा बाक पाहावा आणि शॉकपचा विचार नंतर करावा.

याच गोंधळाची दुसरी बाजू म्हणजे एखादा जादा पाटा टाकला की शॉकपवरचा ताण कमी होतो ही समजूत. काळ्या-पिवळ्या जीपच्या काळापासून मराठवाड्यात ती रुजली आहे, आणि जीपला मिळणाऱ्या सवाऱ्या पाहता पाटा वाढवण्यामागे व्यवहार होताच. परंतु पाटा वाढला की कमान कडक होते, तिची उसळी जोरकस होते आणि ती आवरायला मूळ शॉकप अपुरा पडतो. शिवाय गाडीची मागची बाजू उचलली जाते. शॉकप कायम ताणलेल्या स्थितीत राहतो, आणि चाक खड्ड्यात लोंबकळले की त्याचा दांडा शेवटच्या टोकाला आदळतो. वरचे-खालचे बुश फाटणे आणि पकड तुटणे हे पुष्कळदा याचेच परिणाम असतात. पाटे वाढवायचेच असतील, तर त्या उंचीला पुरेल इतक्या लांबीचा आणि त्या कडकपणाला साजेसा शॉकप घ्यावा लागतो.

तेल गळत नाही म्हणजे शॉकप ठणठणीत, असेही मानले जाते. गळती हे खराबीचे एक लक्षण आहे, पण एकमेव नाही. दट्ट्याची कड झिजते, झडपांच्या पातळ चकत्या थकतात, तेल पातळ होते. यांतले काहीही बाहेरून दिसत नाही. उलट सीलजवळ तेलाचा हलका ओलावा दिसला म्हणून चांगला शॉकप फेकून देण्याचीही गरज नसते. दांड्याबरोबर थोडे तेल बाहेर येणारच, सीलला वंगण लागते. मराठवाड्यातली बारीक काळी धूळ या ओलाव्यावर चिकटून जाड थर धरते आणि तो आहे त्याहून भयंकर दिसतो. थर पुसून दोन-चार दिवस गाडी चालवावी. तेल ओघळून नळीच्या खालच्या टोकापर्यंत आले, तर शॉकप गेला.

गाडीचा कोपरा दाबून सोडायचा आणि ती किती वेळा हलते ते पाहायचे, ही परीक्षा सर्वांना ठाऊक आहे. हलक्या कारवर ती काही प्रमाणात उपयोगी पडते. कमानपाट्यांच्या गाडीवर मात्र ती फसवी ठरते, कारण एकमेकांवर घासणारे पाटे स्वतःच उसळी थोडीफार दाबतात. गंजलेल्या, धूळ भरलेल्या कमानीत हे घर्षण आणखी जास्त असते. त्यामुळे मागचे दोन्ही शॉकप निकामी झालेली जुनी बोलेरोही उभी असताना या परीक्षेत उत्तीर्ण होऊ शकते. तिच्याबाबतीत टायर अधिक खरे बोलतो: त्याच्या कडेवर हात फिरवल्यावर ठिकठिकाणी खोलगट चट्टे लागले, तर चाक रस्त्यावर नीट टेकत नव्हते हे कळते. अर्थात असे चट्टे सैल बेअरिंग आणि बॅलन्सिंगच्या दोषानेही पडतात, तेव्हा तेही तपासून घ्यावे.

‘आता रस्ता चांगला झाला, शॉकपचे काय काम’ हा गैरसमज नवा आहे, आणि तो सर्वांत धोक्याचा. तुळजापूर, औसा, लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा, नांदेड असा जाणारा राष्ट्रीय महामार्ग ३६१ रुंद झाल्यापासून जुन्या गाड्याही त्यावर पूर्वीपेक्षा बऱ्याच वेगाने धावतात. या भागातली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भेगाळते. तिच्यावरच्या डांबरी रस्त्यांना, विशेषतः गावांना जोडणाऱ्या फाट्यांवर, खड्ड्यांखेरीज लांब लाटा येतात. लाटेवर गाडी आपटत नाही, झुलते. कडक कमानीच्या गाडीची स्वाभाविक झुल सेकंदाला साधारण दीड वेळा असते. ताशी ८० किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. म्हणजे सुमारे १५ मीटर अंतराने येणाऱ्या लाटा तिच्या झुलीशी नेमक्या जुळतात आणि प्रत्येक लाटेवर झुल वाढत जाते. ताशी ४० ला ती जुळणी होत नाही. म्हणून खड्ड्यांच्या रस्त्याने सावकाश जाताना खराब शॉकप नुसता त्रासदायक वाटतो, आणि बऱ्या रस्त्यावर वेगात तो गाडी हातातून सोडवतो. झुलणारे चाक क्षणभर रस्त्यावरचा भार सोडते, आणि भार नसलेल्या चाकाला ब्रेक लावून उपयोग होत नाही. उंच बांध्याच्या गाडीला वळणावर उलटण्याचा धोका यातून वाढतो. शॉकप हा केवळ आरामाचा भाग आहे असे समजणाऱ्यांनी किनवटहून माहूरकडे जाणाऱ्या वळणांचा विचार करावा.

किती किलोमीटरवर बदलायचे, याचे एकच उत्तर नाही. मन्रो या अमेरिकन उत्पादकाचा सल्ला ५०,००० मैलांचा, म्हणजे सुमारे ८०,००० किलोमीटरचा आहे. हाच आकडा इथेही सांगितला जातो. तो सरासरी रस्त्यांसाठी आहे. उसाच्या हंगामात ट्रॉल्यांनी उखडलेल्या रस्त्यावर रोज भरून धावणारी गाडी त्याच्या बऱ्याच आधी शॉकप संपवते, तर लातूर शहरातच फिरणारी गाडी तो आकडा सहज ओलांडते.

गेलेला एकच बदलून पैसे वाचवणे बरे वाटते. पण नवा आणि जुना एकाच आसावर आले की दोन बाजूंची उसळी वेगवेगळी होते आणि ब्रेक मारताना गाडी एका अंगाला ओढते. जोडी बदलणे हाच नियम. पुढची जोडी चांगली असेल तर तिला हात लावू नये.

शॉकप ‘भरून’ घेणे हा आणखी एक स्वस्त उपाय. बहुतेक जुन्या एसयूव्हींचे शॉकप बंद नळ्यांचे असतात. नळी कापून, मिळेल ते तेल ओतून वेल्ड केली तरी आतल्या झिजलेल्या झडपा तशाच राहतात आणि असल्यास नायट्रोजन उडून गेलेला असतो. तो वायू तेलाला फेस येऊ नये म्हणून कमी दाबाने भरलेला असतो. फेसाळलेले तेल दट्ट्याला अडवत नाही, आणि मे महिन्यातल्या नांदेडच्या उन्हात तापलेल्या रस्त्यावर याचा प्रत्यय लवकर येतो. खरोखर उघडून दुरुस्त करता येतील असे महागडे शॉकप असतात, पण ते या गाड्यांवर क्वचितच दिसतात.

‘जास्त हार्ड तेवढा चांगला’ हेही खरे नाही. फार कडक शॉकप चाकाला खड्ड्याचा आकार धरू देत नाही, चाक उडते आणि हादरा थेट चॅसिसला जातो.

सुमो १९९४ मध्ये आली, सफारी १९९८ मध्ये, बोलेरो आणि क्वालिस २००० मध्ये, टवेरा २००४ मध्ये. बोलेरो सोडली तर यांतली एकही मूळ रूपात आता बनत नाही, त्यामुळे बाजारात ‘कोणत्याही मॉडेलला बसतो’ असे सांगून शॉकप खपवले जातात. बसणे म्हणजे बोल्ट जाणे नव्हे. मिटलेली आणि ताणलेली अशा दोन्ही लांब्या मूळ पार्ट नंबरशी जुळल्या पाहिजेत.

बसवताना होणाऱ्या चुका कमी बोलल्या जातात. दोन नळ्यांचा शॉकप आडवा साठवलेला असतो, म्हणून बसवण्याआधी तो उभा धरून चार-सहा वेळा पूर्ण दाबावा आणि ओढावा, म्हणजे हवा निघते. दांडा पक्कडीने धरू नये. एक ओरखडा सील फाडायला पुरेसा असतो. रबरी बुशचे बोल्ट गाडी जॅकवर असताना शेवटपर्यंत आवळले, तर चाके जमिनीवर येताच बुश पिळला जातो आणि काही महिन्यांत फाटतो. शेवटचा आवळ गाडीचे वजन चाकांवर आल्यावरच द्यावा. सफारीसारख्या मागे कॉइल असलेल्या गाडीत दोन्ही शॉकप एकदम सोडले तर आस खाली जाऊन ब्रेकचा होस ताणला जातो, तेव्हा आसाखाली आधार हवा.

शॉकप बदलला की अलाइनमेंट करावीच लागते, असा आग्रह दुकानदार धरतात. मागच्या कमानीवरच्या किंवा टॉर्शन बारच्या गाडीत शॉकप चाकाचा कोन ठरवत नाही, त्यामुळे केवळ तो बदलल्याने अलाइनमेंट बिघडत नाही. डस्टर किंवा एक्सयूव्ही ५०० यांच्या पुढच्या बाजूला मात्र शॉकप हाच चाकाचा आधारस्तंभ असतो. तिथे अलाइनमेंट टाळली, तर नवे टायर एका कडेने खाल्ले जातात.