बंदिस्त जागेचे भय आणि डोक्याची एमआरआय तपासणी

विहारात आनापानसतीचा वर्ग आम्ही गेली अनेक वर्षे घेत आहोत. रविवारी सकाळी उपासक-उपासिका जमतात, आणि डोळे मिटून श्वासाकडे लक्ष ठेवावे असे आम्ही त्यांना सांगतो. अशा माणसाने डोक्याच्या एमआरआय यंत्रात चौथ्याच मिनिटास हातातील रबरी फुगा दाबून 'बाहेर काढा, बाहेर काढा' असे ओरडावे, ही गोष्ट लपवून ठेवावी असेच प्रथम आम्हांस वाटले. दोन महिने आम्ही ती लपवलीही. घरी 'यंत्र बिघडले होते' असे सांगितले. चौथ्या शीलाचा तो उघड भंग होता, हे येथे कबूल केले पाहिजे.

तपासणीचे कारण साधे नव्हते. आमच्या उजव्या कानास कमी ऐकू येऊ लागले होते आणि त्याच कानात सतत एक सूर वाजत असे. एकाच कानाची अशी तक्रार असली म्हणजे ऐकण्याच्या नसेवर गाठ नाही ना, याची खात्री करून घ्यावी लागते, असे डॉक्टरांनी समजावले. पुष्कळांच्या तपासणीत काहीही निघत नाही. परंतु निघालीच तर ती लवकर कळणे हिताचे असते. म्हणजे लाजेपायी जे दोन महिने गेले ते आम्ही अंधारात काढले. हा लेख लिहिण्याचे कारण तेच आहे.

कार्यकारणभाव समजला की भयाचा बराचसा भाग गळून पडतो, म्हणून प्रथम यंत्राविषयी. या तपासणीचे मूळ नाव 'न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्स' या शब्दांवरून आले. त्यातील 'न्यूक्लिअर' हा शब्द पुढे गाळण्यात आला, कारण लोकांस त्यात अणुबॉम्ब आणि किरणोत्सर्ग दिसू लागला. वस्तुतः तो शब्द हायड्रोजन अणूच्या केंद्रकापुरताच होता. आपल्या शरीरात पाणी आणि चरबी यांच्या रूपाने हायड्रोजन भरपूर आहे. बलवान चुंबकीय क्षेत्रात त्याची केंद्रके एका विशिष्ट रीतीने वागतात. रेडिओलहरींनी त्यांना क्षणभर हलवले की पूर्वस्थितीस येताना ती क्षीण संदेश देतात, आणि त्या संदेशांवरून संगणक चित्र रचतो. पॉल लॉटरबर यांनी या पद्धतीने चित्र मिळवण्याची युक्ती 1973 साली प्रसिद्ध केली. पीटर मॅन्सफील्ड यांनी ती पुढे नेली. दोघांना 2003 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. क्ष-किरणांचा येथे काहीही संबंध नाही.

हे सारे आम्हांस ठाऊक होते, तरी आम्ही घाबरलो. म्हणजे निव्वळ पुस्तकी माहिती पुरत नाही. आपल्या अंगाशी ज्या ज्या गोष्टी घडणार आहेत, त्यांचे कारण कळावे लागते. उदाहरणार्थ, डोक्याच्या तपासणीत चेहऱ्यावर प्लास्टिकचा एक पिंजरा बसवतात. तंत्रज्ञ त्यास कॉईल म्हणतात. आमची छाती धडधडू लागली ती त्याच क्षणी. तो डोके जखडण्यासाठी आहे असा आमचा समज झाला. खरे पाहता तो एक प्रकारचा अँटेना आहे. डोक्यातून येणारे संदेश फार क्षीण असतात, म्हणून तो डोक्याच्या अगदी जवळ असावा लागतो. त्यास फटी असतात आणि पुष्कळ ठिकाणी आरसाही असतो. त्या आरशात आपले पाय आणि पलीकडील खोली दिसते. आमच्या पहिल्या खेपेस हे कोणी सांगितले नाही. 'हलू नका' एवढेच सांगितले गेले.

आवाजाचेही तसेच. मोठ्या चुंबकाच्या आत तारांची आणखी वेटोळी असतात. चित्रातील बिंदूंचे स्थान ठरवण्यासाठी त्यांतील वीजप्रवाह अतिशय वेगाने चालू-बंद करावा लागतो. चुंबकीय क्षेत्रात अशा तारेवर जोर पडतो आणि ती थरथरते. ध्वनिक्षेपकातून आवाज निघतो तो याच तत्त्वाने. म्हणजे आत जी ठकठक, घरघर आणि टक्टक् ऐकू येते, ती यंत्र बिघडल्याची खूण नसून यंत्र काम करीत असल्याची खूण होय. आवाज शंभर डेसिबलच्याही वर जाऊ शकतो, म्हणून कानात बोळे किंवा कानांवर हेडफोन मागून घ्यावेत. न दिल्यास पुन्हा मागावेत. संकोच करू नये.

आता भयाविषयी. बंदिस्त जागेच्या भयाचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली रॅकमन यांनी या भयाचे दोन पदर दाखवले. एक गुदमरण्याचे भय, दुसरे अडकून पडण्याचे. दोन्ही एकच वाटतात. परंतु ते वेगळे आहेत आणि त्यांची उत्तरेही वेगळी आहेत. ज्यास गुदमरण्याचे भय आहे त्याने हे जाणावे की बोगदा दोन्ही टोकांस उघडा असतो, आत दिवा असतो आणि बहुधा हवेचा झोतही सोडलेला असतो. बोगद्याची रुंदी सुमारे साठ सेंटिमीटर असते, नव्या यंत्रांत सत्तर. ज्यास अडकण्याचे भय आहे त्याचे उत्तर त्याच्या मुठीत असते. तो रबरी फुगा दाबला की तंत्रज्ञ बोलतो, आणि सांगितल्यास पाटा बाहेर ओढतो. आत जाण्यापूर्वी तो फुगा एकदा दाबून पाहावा. घंटा वाजते हे स्वतःच्या कानांनी ऐकावे.

आमचे भय गुदमरण्याचे होते, आणि येथेच आमची मोठी चूक झाली. वर्षानुवर्षांच्या सवयीने आम्ही आत जाताच श्वासाकडे लक्ष वळवले. ज्यास श्वास कोंडेल अशीच भीती आहे, त्याने श्वासावरच पहारा ठेवला तर काय होणार? प्रत्येक श्वास अपुरा वाटू लागला. म्हणून आम्ही मोठमोठे श्वास भराभर घेतले. त्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो, डोके हलके होते, बोटांना व ओठांभोवती मुंग्या येतात, छाती आवळल्यासारखी वाटते. प्राणवायू मुळीच कमी झालेला नसतो. परंतु ही लक्षणे अंगावर आली की 'आपण गुदमरत आहोत' याचा पुरावाच मिळाल्यासारखे वाटते, आणि माणूस आणखी जोराने श्वास घेतो. श्वास जास्त घेतल्याने श्वास कमी पडतो असे वाटावे, असे हे चक्र आहे. भगवंतांनी सल्लत्थ सुत्तात दोन बाणांचा दृष्टांत दिला आहे. शरीराची वेदना हा पहिला बाण. त्या वेदनेपायी होणारी मनाची तडफड हा दुसरा. आमच्या बाबतीत पहिला बाण म्हणजे थोडा आवाज आणि थोडी अडचण, इतकाच होता.

आनापानसतीवर हा आक्षेप नव्हे. सतिपट्ठान सुत्तात कायानुपश्यनेचे श्वास हे एकच द्वार सांगितलेले नाही. चालणे, उभे राहणे, बसणे, पहुडणे या अवस्थांचीही जाणीव तेथे आहे. आम्ही मात्र इतकी वर्षे एकाच दाराची कडी वाजवीत राहिलो. दुसऱ्या खेपेस आम्ही लक्ष टाचांवर ठेवले. डोक्याच्या तपासणीत पाय बोगद्याच्या बाहेर असतात, हे किती सोयीचे आहे! टाच पाट्याला कोठे टेकली आहे, मोजा कोठे गरम आहे, तेवढेच पाहावयाचे. श्वासाचे काही करावयाचे झालेच तर एवढेच की उच्छ्वास संथ व लांब सोडावा, आणि तो मोजावा. आत घेणे शरीर आपले आपण करते.

आता लाजेविषयी, कारण आमचे खरे नुकसान तिने केले. धम्माचा अभ्यास करणाऱ्यास भय वाटताच कामा नये, अशी समजूत आपल्यात नकळत रुजलेली आहे. तिला सुत्तांचा आधार नाही. मज्झिम निकायातील भयभेरव सुत्तात भगवंत जानुस्सोणि ब्राह्मणाला बोधिप्राप्तीपूर्वीची आपलीच हकिकत सांगतात. ते भयावह अशा वनातील स्थानी रात्री राहिले. एखादा मृग जवळ येई, मोर काटकी मोडी, वारा पाने सळसळवी, आणि भय येई. भय आले हे ते सांगतात, लपवीत नाहीत. पुढे जे सांगितले आहे ते आमच्या विषयाशी विलक्षण जुळते. चालत असता भय आले तर चालतच, बसलेले असता बसूनच आणि पहुडलेले असता पहुडूनच त्यांनी ते शमवले. अवस्था बदलली नाही. भयाची लाट काही मिनिटांत शिगेला पोहोचते आणि मग ओसरू लागते, हे आजचे मानसशास्त्रही सांगते. मात्र यावरून फुगा दाबणारा हरला असा अर्थ कोणी काढू नये. फुगा दाबून, पाणी पिऊन, पुन्हा आत गेलेली माणसे तपासणी पूर्ण करतात.

दुसऱ्या खेपेची तयारी आम्ही घरी केली. मोठ्या खोक्याची दोन्ही टोके कापून, जमिनीवर पडून, ते डोक्यावर व छातीवर घेतले. पहिल्या दिवशी दोन मिनिटे, मग पाच, मग दहा, असे वीस मिनिटांपर्यंत गेलो. नातू शेजारी बसून पत्र्याचा डबा वाजवी. त्यास हा खेळ इतका आवडला की सराव संपला तरी डबा थांबेना! भय ज्याचे, त्याच्याशी थोडी थोडी सलगी वाढवावी, हा मानसोपचारातील रूढ मार्ग आहे. त्यास महाग साधने लागत नाहीत. याउपर ज्यांना जमत नाही त्यांनी डॉक्टरांस आधीच सांगावे. ते सौम्य शामक औषध देऊ शकतात. तपासणीच्या वेळी स्वतःच्या मनाने कोणतीही गोळी घेऊ नये, आणि औषध घेतले असल्यास सोबत माणूस असावा व परतताना वाहन चालवू नये. विस्तृत बोगद्याचे किंवा बाजूंनी उघडे यंत्र जवळपास आहे काय, हेही विचारावे. उघड्या यंत्रांचे चुंबक बहुधा कमी बलाचे असते, त्यामुळे आपल्या तपासणीस ते चालेल की नाही हे डॉक्टरच ठरवतील.

एका बाबतीत मात्र भय बाळगलेच पाहिजे, आणि ते धातूचे. यंत्र वापरात नसले तरी त्याचे चुंबक चालूच असते. जानेवारी 2018 मध्ये मुंबईतील एका रुग्णालयात रुग्णासोबत ऑक्सिजनचे सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेलेल्या तरुण नातेवाइकाचा त्यात मृत्यू झाला. पेसमेकर, कानातील रोपण, मेंदूतील रक्तवाहिनीवर बसवलेली क्लिप, पूर्वी झालेल्या शस्त्रक्रिया, गर्भारपण, मूत्रपिंडाचा विकार, यांपैकी काहीही असल्यास आधी सांगावे. आपल्या समाजातील पुष्कळ बांधव कारखान्यांत फिटर, वेल्डर, टर्नर म्हणून राबले. डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला असेल तर तेही त्यांनी आवर्जून सांगावे. तो चुंबकाने हलू शकतो. दागिने, केसांच्या पिना, श्रवणयंत्र, घड्याळ बाहेर ठेवावे. ताईतही बाहेर ठेवावा लागतो. उपासकाच्या दंडावर तो असू नये, हे निराळे सांगावयास नको. परंतु तपासणी कक्षाबाहेरच्या ट्रेमध्ये आम्हांस जे दिसले त्यावरून सांगावे लागते.

दुसऱ्या दिवशीच्या तंत्रज्ञ बाई शांत स्वभावाच्या होत्या. मागे आपण अर्ध्यातून उठलो, हे आम्ही प्रथमच सांगून टाकले. 'रोज कोणी ना कोणी उठते,' असे त्या म्हणाल्या. आत जाण्यापूर्वीच डोळ्यांवर रुमाल ठेवून घेतला, म्हणजे बोगद्याचे छत दिसण्याचा प्रश्नच उरला नाही. 'हा आवाज चार मिनिटांचा', 'आता दोनच मिनिटांचा', असे प्रत्येक वेळी त्या सांगत. संपूर्ण अर्धा तास सोसावयाचा, ही कल्पनाच असह्य असते; चार मिनिटे सोसता येतात. दोन आवाजांच्या मध्ये गिळावे, खोकावे. डोके मात्र हलवू नये, नाही तर चित्र पुसट येते आणि तो भाग पुन्हा घ्यावा लागतो. धातूची तपासणी करून आमच्या पत्नीस पायांशी बसू दिले होते. तिने घोटा धरून ठेवला होता.

तिसऱ्या आवाजाच्या वेळी भय आलेच. नाकाला खाज सुटली, हात वर नेता येईना, आणि त्या क्षुल्लक निमित्ताने छाती पुन्हा धडधडू लागली. आम्ही टाचेवर गेलो. अकरा लांब उच्छ्वास मोजले. बारावा मोजावयाचा राहून गेला, कारण तोवर खाज कोठे होती हेही आठवेना.

अहवालात गाठ निघाली नाही. कानातील सूर अजून आहे. पुढच्या रविवारी वर्ग संपल्यावर आम्ही ही हकिकत, पहिल्या खेपेच्या असत्यासकट, सर्वांसमोर सांगितली. त्यानंतर तिघेजण मागे थांबले. एकाने आपली तपासणी गेल्या वर्षीपासून टाळली होती आणि घरी 'सगळे ठीक निघाले' असे सांगितले होते. खोके आता विहाराच्या मागील खोलीत ठेवले आहे. ज्यास सराव करावयाचा असेल त्याने वर्गानंतर थांबावे.