पाण्यातला माल पाहावा कसा? फिश फाइंडर की पाण्याखालचा कॅमेरा?

परतूर तालुक्यातील आष्टी भागात मासळीचा व्यापार करणाऱ्या काही बंधूंनी विचारणा केली आहे की, तलावातील मासे पाहण्यासाठी फिश फाइंडर घ्यावा की पाण्याखालचा कॅमेरा? दोन्हींच्या जाहिराती आता मोबाइलवर दिसतात आणि वस्तू घरपोच येते. विचारणाऱ्यांचा हेतू सरळ आहे. हंगामापूर्वी जाळेवाल्यांना उचल द्यावी लागते. पैसा आधी पाण्यात जातो आणि माल नंतर वर येतो. आत किती माल आहे ते आधीच दिसले तर नुकसान टळेल, असे त्यांना वाटते.

उत्तर आधीच देतो. धरणाच्या खोल पाण्यात नेहमी काम असेल तर फिश फाइंडर उपयोगी आहे. आपल्या भागात कॅमेरा मासेमारीला फारसा कामाचा नाही, तो विहिरीच्या कामाला चांगला. आणि तलावात माल किती आहे हे ठरवून पैसे मोजण्यासाठी दोन्ही यंत्रे अपुरी आहेत. असे का, ते आता पाहू.

कॅमेरा उजेडावर चालतो

पाण्याखालच्या कॅमेऱ्यात नवे असे काही नाही. पाणी आत जाणार नाही अशा डबीत कॅमेरा, भोवती छोटे दिवे, लांब केबल आणि वर पडदा. केबल लागतेच, कारण मोबाइलच्या लहरी पाण्यात फार दूर जात नाहीत. पाणी स्वच्छ असेल तर मासा कोणत्या जातीचा, केवढा, हे साक्षात दिसते. ही त्याची मोठी जमेची बाजू आहे. अमेरिका-कॅनडात हिवाळ्यात गोठलेल्या सरोवरांवर भोक पाडून मासे धरतात. तेथे पाणी संथ व बरेचदा नितळ असते, म्हणून कॅमेरा तेथे खपतो. जाहिरातीतील चित्रे अशाच पाण्यातील असतात.

आपल्याकडे काळी माती आहे. पावसाळ्यात ओढ्यातून येणारी चिकणमाती इतकी बारीक असते की आठवडेच्या आठवडे खाली बसत नाही. दिवा लावला तर उलटेच होते. धुक्यात गाडीचा मोठा दिवा लावावा तसे सगळे पांढरे दिसते, कारण उजेड गाळाच्या कणांवरून परत डोळ्यावर येतो.

गाळ बसल्यावरही अडचण संपत नाही. रोहू, कटला, मृगल वाढवण्यासाठी पाणी हिरवट असावे लागते. त्या हिरव्या रंगात माशांचे सूक्ष्म खाद्य असते. मत्स्यपालनात पाण्याची पारदर्शकता साधारण ३० ते ४० सेंटिमीटर असणे चांगले मानतात. म्हणजे ज्या तळ्यात मासा चांगला पोसतो, तेथेच कॅमेऱ्याला हातभर पलीकडचे दिसत नाही.

याची परीक्षा फुकट करता येते. १८६५ साली सेची नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने पांढरी तबकडी दोरीने समुद्रात सोडून पाण्याची पारदर्शकता मोजली. आजही हीच पद्धत चालते. आपण घरातील पांढरी ताटली घ्यावी, तिला वजन व दोरी बांधावी आणि दुपारच्या सुमारास नावेच्या सावलीच्या बाजूने सोडावी. ती दिसेनाशी होते ती खोली दोरीवर गाठ मारून मोजावी. जून, ऑक्टोबर, जानेवारी व एप्रिल अशी चार वेळा नोंद ठेवावी. ताटली दीड-दोन फुटांवर नाहीशी होत असेल तर कॅमेऱ्याचा विचार सोडून द्यावा.

फिश फाइंडर आवाजावर चालतो

फिश फाइंडरला उजेड लागत नाही. त्याचे डोके, म्हणजे ट्रान्सड्यूसर, पाण्यात आवाजाचा ठोका सोडते. हा आवाज आपल्या कानाला ऐकू येत नाही. तळ, खोड, मासा यांवर आपटून तो परत येतो. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो. ठोका शंभरांश सेकंदात परत आला तर जाऊन-येऊन १५ मीटर झाले, म्हणजे वस्तू साडेसात मीटर, अंदाजे २५ फूट खाली आहे. हा हिशेब यंत्र क्षणोक्षणी करते आणि पडद्यावर रेघ काढते. गढूळ पाण्यात, रात्री, हिरव्या तळ्यात ते सारखेच चालते. माशाच्या पोटात हवेची पिशवी असते. हवेवरून आवाज जोरात परततो, म्हणून मासा पडद्यावर उठून दिसतो.

ही विद्या समुद्रावरची. १९४८ साली जपानमध्ये फुरुनो बंधूंनी मासे शोधणारे पहिले यंत्र बाजारात आणले. आज कोकण किनाऱ्यावरील यांत्रिक नौकांवर ते नेहमीचे झाले आहे. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था उपग्रहाच्या मदतीने मासळी कोठे मिळण्याचा संभव आहे ते मच्छीमारांना कळवते, पण ती माहिती समुद्रापुरती असते. धरणावरच्या माणसाला आपले आपणच पाहावे लागते.

धरणात या यंत्राचा सर्वांत मोठा उपयोग मासा दाखवण्याचा नाही, तळ दाखवण्याचा आहे. धरणाखाली जुने नदीपात्र, बांध, विहिरी, झाडांची खोडे बुडालेली असतात. तंगुसाचे जाळे खोडात अडकले की फाटते आणि दिवसाची मजुरीही जाते. जुने पात्र कोठे आहे, उतार कोठे सुरू होतो हे कळले की जाळे योग्य जागी पडते. उन्हाळ्यात पाणी उतरले की मासळी खोल पात्राकडे सरकते. तेव्हा ही माहिती खरी कामाची.

पडद्यावरचा मासा टोपलीत येतोच असे नाही

आता मर्यादा पाहू. यंत्राचा आवाज शंकूसारखा पसरतो. नेहमीच्या २०० किलोहर्ट्‌झच्या यंत्रात हा शंकू साधारण २० अंशांचा असतो. ३० फूट खोलीवर तळावरचे जेमतेम १० फूट रुंदीचे वर्तुळ त्यात येते. ६ फूट खोलीवर तर दोन फूटच. म्हणजे उथळ तळ्यात नावेखालची ताटाएवढी जागा पाहण्यासाठी आपण हजारो रुपये देणार.

दुसरे, पडद्यावरचे माशाचे चित्र यंत्राने केलेला अंदाज असतो. बुडबुडे, गवत, फांदी यांनाही ते कधी कधी मासा समजते. एकच मासा नावेखाली थांबून राहिला तर लांब रेघ उमटते आणि नवशिक्याला तो थवा वाटतो. जात तर कळतच नाही. कटला आणि टिलापिया यांच्या भावात किती फरक आहे ते व्यापाऱ्याला सांगायला नको. चिखलाला चिकटून राहणारी वाम व गवतात दबलेली मरळ, म्हणजे बाजारात चांगला दाम देणारा माल, तो बहुधा दिसतच नाही.

थर्माकोलच्या तराफ्यावर काम करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. थर्माकोलमध्ये हवा असते, आवाज तिच्यातून जात नाही. ट्रान्सड्यूसर तराफ्यावर ठेवून भागणार नाही. तो बांबूला बांधून पाण्यात चार-सहा इंच बुडेल असा बाजूला सोडावा.

कोणत्या पाण्यात काय घ्यावे

आष्टीच्या व्यापाऱ्याचा संबंध तीन प्रकारच्या पाण्याशी येतो.

पहिले, गावतळी, पाझर तलाव आणि शेततळी. येथे खोली थोडी असते. शेततळ्यात तर बोटुकली किती सोडली हे मालकाच्या वहीत असते. ओढीचे जाळे एकदा फिरवून दहा-वीस मासे तोलले की सरासरी वजन हातात येते. येथे यंत्र घेऊ नये.

दुसरे, मोठी धरणे. निम्न दुधना, सिंदफणेवरील माजलगाव आणि १९७६ साली पूर्ण झालेले पैठणचे जायकवाडी ही त्यांतील मुख्य. येथे फिश फाइंडर चालेल. मात्र मासेमारीचा हक्क कोणत्या संस्थेकडे आहे ते आधी विचारावे. नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, तेथील नियम वेगळे आहेत.

तिसरे, विहिरी. हिवाळ्या-उन्हाळ्यात विहिरीचे पाणी नितळ असते. मोटार दुरुस्त करणाऱ्या, पाइप बसवणाऱ्या आपल्या कारागीर बंधूंना येथे कॅमेरा खरोखर उपयोगी आहे. फूटव्हॉल्व्हला काय अडकले, पंप कोठे पडला, कड्याला तडा कोठे गेला हे माणूस न उतरवता पाहता येते. त्यात जिवाचा धोका टळतो. बोअरसाठी मात्र वेगळा, बारीक व लांब केबलचा कॅमेरा लागतो. मासेमारीचा कॅमेरा बोअरमध्ये सोडू नये.

उचल, सौदा आणि गरर

आता मूळ प्रश्न. पडद्यावर मासे दिसले म्हणून तलावातील माल ठोक भावाने घ्यावा का? आपल्या फिकहमध्ये पाण्यातील न पकडलेल्या माशाची विक्री गरर, म्हणजे अनिश्चिततेचा सौदा मानली आहे. विकणाऱ्याच्या हातात माल नाही आणि घेणाऱ्याला तो किती हे ठाऊक नाही. हनफी फुकहांनी अपवाद सांगितला आहे तो असा की, मासे आधी पकडून लहान हौदात ठेवलेले असावेत आणि जाळे न टाकता हाताने काढता यावेत. फिश फाइंडरने मोठ्या तलावाचा हौद होत नाही. जात, वजन, संख्या यांपैकी काहीही ते पक्के सांगत नाही. त्यामुळे यंत्र घेतल्याने सौद्यातली अनिश्चितता जात नाही. माणसाला मात्र ती गेल्यासारखी वाटते आणि तो जास्त पैसे लावतो. खरा धोका येथे आहे.

उचलीबाबतही जपावे. कर्ज देऊन त्या बदल्यात माल बाजारापेक्षा स्वस्त द्यावा अशी अट घातली, तर तो कर्जावर घेतलेला फायदा ठरतो. अनेक ठिकाणी भोई बांधव या अटीत वर्षानुवर्षे अडकून राहतात. पैसे द्यायचे तर बिनअटी कर्ज म्हणून द्यावेत आणि भाव तोलाच्या दिवशी बाजाराप्रमाणे ठरवावा. आगाऊ खरेदीच करायची असेल तर बैए सलमचा मार्ग आहे. त्यात पूर्ण रक्कम आधी द्यावी लागते, माशाची जात, वजन, दिवस व जागा ठरवावी लागते आणि सौदा एखाद्या ठराविक तलावाच्या मालाशी बांधता येत नाही. त्याच्या बाकी शर्ती आपल्या मुफ्ती साहेबांकडून समजून घ्याव्यात. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. हंगामाच्या धांदलीतही तो विसरू नये.

खरेदीपूर्वीचा हिशेब

समजा, यंत्र, बॅटरी व बांबूची बैठक मिळून १८,००० रुपये लागले आणि वस्तू तीन वर्षे टिकली. वर्षाला ६,००० रुपये झाले. वर्षातून १२० दिवस धरणावर काम असेल तर रोजचा खर्च ५० रुपये येतो. एखादे जाळे वाचले तरी अनेक दिवसांचा खर्च निघेल. पण वर्षातून २० दिवसच जाणे असेल तर रोजचे ३०० रुपये पडतात. अशा वेळी भाड्याने घ्यावे किंवा तिघांनी शिरकत करून घ्यावे. दिवस वाटून घ्यावेत आणि मोडतोड कोणी भरायची ते कागदावर आणावे. व्याजाच्या हप्त्यावर घेण्याची घाई करू नये.

घेताना पुढील गोष्टी पाहाव्यात. पडदा भर उन्हात वाचता येतो का? बॅटरी दिवसभर पुरते का? ट्रान्सड्यूसर वेगळा मिळतो का? दुरुस्ती जालना किंवा छत्रपती संभाजीनगर येथे होते का? पक्के बिल घ्यावे. शक्य असेल तर ज्याच्याकडे यंत्र आहे त्याच्या नावेत एक दिवस बसून यावे. तोवर ताटली व दोरी घेऊन पाण्याची नोंद सुरू करायला काहीच खर्च नाही.