रोशा तेल, कर्करोग आणि भागीदारीचा हिशेब

कर्करोगाचे नुसते नाव काढले तरी घरातील माणसांचा धीर सुटतो. अशा वेळी ‘अमक्या झाडपाल्याचे तेल घ्या, गुण येईल’ असे कोणी सांगितले, तर ते खरे मानावेसे वाटणे स्वाभाविक आहे. गोंदियाला लागून असलेल्या, वैनगंगेकाठच्या आमच्या बालाघाटात हा सल्ला सहज मिळतो. जंगल दारात आहे. मोठ्या उपचारासाठी मात्र नागपूर गाठावे लागते. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी, वैद्यक हा माझा विषय नव्हे. परंतु तेल आणि औषध यांची भागीदारी हा हिशेबाचाही प्रश्न आहे.

मध्य भारताच्या जंगलांत रोशा नावाचे सुवासिक गवत उगवते. फुलावर आलेले गवत भट्टीवर चढवून वाफेच्या साहाय्याने त्याचे तेल काढतात. निमाड, बैतूल, खानदेश या भागांत हा जुना धंदा. एके काळी हे तेल मुंबई बंदरातून तुर्कस्तानात जाई आणि तेथे गुलाबाच्या महागड्या तेलात मिसळले जाई! ही भेसळ खपे, कारण रोशा तेलाचा बहुतांश भाग जिरॅनिऑल या द्रव्याचा असतो आणि गुलाबाच्या तेलातही तेच द्रव्य असते.

आता औषधाकडे वळू. ‘५-फ्लुरोयुरासिल’ हे १९५७ साली पुढे आलेले औषध मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर आजही वापरतात. पेशीला दुप्पट व्हायचे तर डीएनएसाठी थायमिडीन हा कच्चा माल लागतो. तो तयार करणाऱ्या विकराला हे औषध कुलूप घालते. पण पेशी धूर्त असते. ती आणखी विकर बनवते, किंवा दुसऱ्या विकराच्या मदतीने तयार थायमिडीन उचलते. म्हणजे कारखाना बंद पडला तर बाजारातून माल आणते.

येथे जिरॅनिऑल उपयोगी पडते. फ्रान्समधील स्ट्रासबर्गच्या संशोधकांना असे आढळले, की कर्कपेशींतील ही दोन्ही विकरे त्याने कमी होतात. २००४ साली त्यांनी माणसाच्या आतड्याच्या कर्करोगाच्या गाठी उंदरांच्या अंगात वाढवून प्रयोग प्रसिद्ध केला. एकट्या औषधाचा त्या मात्रेत काहीच परिणाम झाला नाही. एकट्या जिरॅनिऑलने गाठीचे आकारमान २६ टक्क्यांनी घटले. दोन्ही मिळून ५३ टक्क्यांनी! शून्य अधिक सव्वीस बरोबर त्रेपन्न, असा जमाखर्च आमच्या परीक्षेत कोणी मांडला तर गुण मिळणार नाहीत. शरीरात मात्र तो जमतो.

पण मित्रहो, हा ताळेबंद उंदरांचा आहे, माणसांचा नव्हे. शिवाय तेथे मोजून दिलेले शुद्ध द्रव्य होते, बाटलीतले तेल नव्हते. आणि प्रत्येक भागीदार भांडवल वाढवतोच असे नाही. ‘सेंट जॉन्स वर्ट’ ही युरोपातील औषधी वनस्पती पाहा. ती घेणाऱ्या पाच कर्करुग्णांच्या रक्तात इरिनोटेकान या औषधाचा प्रभावी अंश ४२ टक्क्यांनी घटल्याचे २००२ साली दिसून आले. रुग्ण सलाइन घेत होता, पण औषधाचा जवळजवळ निम्मा भाग वनस्पतीने खाल्ला, आणि त्याला ते कळलेही नसते.

आमच्या शेजारच्या एका आजोबांची केमोथेरपी चालू असताना कोणी तरी प्रेमाने अशीच एक बाटली आणून दिली होती. देणाऱ्याचा हेतू चांगलाच होता. आजोबांच्या सुनेने ती फेकली नाही आणि उघडलीही नाही; पुढच्या खेपेला पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवली. त्यांनी ‘उपचार संपेपर्यंत नको’ असे सांगितले, आणि आजोबांनीही ते मानले.

सदाफुलीपासून व्हिंक्रिस्टिनसारखे कर्करोगावरचे औषध मिळाले, तेव्हा रानातल्या वनस्पतीला कमी लेखण्याचे कारण नाही. पण सदाफुलीची पाने चघळून कर्करोग बरा होत नाही. द्रव्य वेगळे काढून, मात्रा ठरवून, माणसांवर पारखल्यावरच ते औषध झाले. रोशाच्या जिरॅनिऑलला हा प्रवास अजून करायचा आहे. तोपर्यंत रुग्ण काय काय घेतो, ते सारे डॉक्टरांच्या कानावर घालावे. भागीदारी गुप्त ठेवली की हिशेब चुकतो, हे वाणिज्याच्या विद्यार्थ्याने तरी विसरू नये.