विमानांचा धूर, बेटांचा हिशेब

मालदीव हा सुमारे बाराशे बेटांचा देश. समुद्रसपाटीपासून त्याची सरासरी उंची दीड मीटरच्या आसपास. एप्रिल १९८७ मध्ये उसळलेल्या लाटा राजधानी माले शहरात शिरल्या, आणि त्याच वर्षी अध्यक्ष गयूम यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत आपल्या राष्ट्राच्या अस्तित्वाचाच प्रश्न उपस्थित केला. पुढे जपानच्या मदतीने मालेभोवती समुद्रभिंत उभी राहिली. परंतु या देशाची उपजीविका चालते ती पर्यटनावर, आणि बहुतेक पर्यटक येतात ते विमानाने. सुमारे पाच लाख लोकवस्तीच्या या देशात २०२४ मध्ये वीस लाखांहून अधिक पर्यटक आले. ज्या धुराने समुद्र चढतो त्याच धुराच्या मागोमाग रोजची भाकरी येते, अशी ही विलक्षण कोंडी आहे.

या कोंडीतून सुटण्याचा एक मार्ग म्हणून विमानवाहतुकीच्या कर्ब-भरपाईकडे बोट दाखवले जाते. तिची पार्श्वभूमी थोडक्यात पाहिली पाहिजे. १९९७ च्या क्योटो करारात आंतरराष्ट्रीय विमानांचा धूर कोणत्याही एका देशाच्या खाती टाकला गेला नाही. तो प्रश्न आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेकडे सोपवला गेला. या संघटनेने २०१६ मध्ये 'कोर्सिया' नावाची योजना मान्य केली. २०१९ मधील उत्सर्जनाच्या ८५ टक्के ही २०२४ पासूनची मर्यादा ठरली. योजनेत सामील असलेल्या देशांदरम्यानच्या वाहतुकीचे उत्सर्जन या मर्यादेपलीकडे गेले, की विमान कंपन्यांनी त्याची भरपाई करावयाची. म्हणजे अन्यत्र कोणी तेवढे उत्सर्जन टाळले असेल, तर त्याचे प्रमाणपत्र, अर्थात कार्बन क्रेडिट, विकत घ्यावयाचे. भारतासारख्या मोठ्या देशांसाठी ही योजना २०२७ पासून बंधनकारक आहे. लहान द्वीपराष्ट्रांना बंधनातून सूट आहे, पण क्रेडिट विकण्यास मोकळीक आहे. तेव्हा श्रीमंतांच्या प्रवासातून बेटांना उत्पन्न मिळेल, असा या योजनेच्या समर्थकांचा युक्तिवाद आहे.

युक्तिवाद आकर्षक आहे, यात शंका नाही. पण बाजारात उतरणाऱ्याने प्रथम विचारावयाचा प्रश्न असा, की आपल्यापाशी विकण्याजोगे काय आहे? येथे विकावयाचा माल म्हणजे टाळलेले उत्सर्जन. आणि ज्याचे उत्सर्जन मुळातच नगण्य, त्याच्यापाशी टाळण्यासारखेही फारसे काही नसते. निर्दोष असणे हीच येथे विक्रेत्याची अडचण ठरते.

एक साधे गणित मांडून पाहू. मालदीवमधील वस्तीच्या बेटांवर वीज प्रामुख्याने डिझेलच्या जनित्रांवर निर्माण होत आली आहे. समजा, एका बेटावर दिवसाला १,००० लिटर डिझेल जळते आणि सौरऊर्जेमुळे ते सारे वाचले. एक लिटर डिझेलमधून सुमारे २.७ किलो कर्बवायू निघतो. म्हणजे वर्षाला जवळजवळ ९८५ टन वाचले. टनाला २० डॉलर असा बरा भाव धरला, तरी क्रेडिटचे उत्पन्न २०,००० डॉलरपेक्षा कमीच भरते. उलट डिझेलचा दर लिटरला एक डॉलर धरला, तर इंधनावरील वाचलेला खर्च ३,६५,००० डॉलर होतो. बेटाचा खरा लाभ डिझेल न जाळण्यात आहे. क्रेडिटची रक्कम त्याच्या अठराव्या हिश्श्याएवढीसुद्धा नाही. शिवाय प्रकल्पाची नोंदणी आणि तपासणी यांचा खर्च प्रकल्प लहान आहे म्हणून त्या प्रमाणात कमी होत नाही.

याहून गंभीर अडचण तत्त्वाची आहे. क्रेडिटच्या पैशावाचून जे घडलेच नसते, त्यालाच भरपाई म्हणता येते. सौरऊर्जा जर डिझेलपेक्षा मुळातच स्वस्त पडत असेल, तर ती क्रेडिटमुळे आली असे कसे म्हणावे? आणि जी घट एकदा विमान कंपनीला विकली, ती स्वतःच्या राष्ट्रीय संकल्पात पुन्हा मोजता येत नाही. पॅरिस करारान्वये हिशेबात तशी दुरुस्ती करावी लागते. म्हणजे स्वस्तातली घट विकावयाची आणि महागडी घट स्वतःसाठी ठेवावयाची, असा हा व्यवहार होऊ शकतो.

याला अपवाद नाही असे नव्हे. २०२४ च्या प्रारंभी कोर्सियाच्या चालू टप्प्यासाठी ग्राह्य अशी पहिली क्रेडिट मिळाली ती गयानाला, ७० लाखांहून अधिक. संयुक्त राष्ट्रांच्या यादीत गयाना हे लहान द्वीपराष्ट्रांमध्ये गणले जाते. प्रत्यक्षात ते दक्षिण अमेरिकेच्या मुख्य भूमीवर आहे, आणि त्याचा बहुतेक भूभाग अरण्याने व्यापलेला आहे. ज्याच्यापाशी जंगल आहे त्याला बाजार मिळाला. ज्याच्यापाशी प्रवाळ, वाळू आणि नारळीची झाडे आहेत, त्या तुवालूने काय विकावे?

तेव्हा प्रश्न बाजाराचा नसून वाट्याचा आहे. बेटांची खरी गरज समुद्रभिंत, गोडे पाणी आणि वादळात टिकणारी घरे ही आहे. समुद्रभिंतीने एक टन कर्बवायूही कमी होत नाही. म्हणून तिचे क्रेडिट निघत नाही. यावरचा उपाय पॅरिस करारातच सापडतो. त्याच्या सहाव्या कलमान्वये संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली जो क्रेडिट-बाजार उभारला जात आहे, त्यात प्रत्येक वेळी निर्माण होणाऱ्या क्रेडिटपैकी ५ टक्के वाटा अनुकूलन निधीसाठी राखण्याचा नियम २०२१ मध्ये ग्लासगो येथे ठरला. कोर्सियात वापरल्या जाणाऱ्या सर्व क्रेडिटना असा वाटा सरसकट बंधनकारक नाही. तो तसा केला, तर पैसा ज्याच्यापाशी विकण्याजोगे आहे त्याच्याकडे न जाता ज्याचे नुकसान होत आहे त्याच्याकडे जाईल.

ही कल्पना नवी नाही. २००८ मध्ये मालदीवनेच अल्पविकसित देशांच्या वतीने आंतरराष्ट्रीय विमानप्रवाशांवर अनुकूलनासाठी लहानसा आकार बसवण्याची सूचना केली होती. साध्या वर्गाच्या प्रवाशाला ६ डॉलर. ती मान्य झाली नाही. अशा आकाराने पर्यटन घटेल, असा आक्षेप घेतला जातो. पण सुट्टीवर लाखभर रुपये खर्च करणारा प्रवासी पाचशे रुपयांसाठी बेत रद्द करील, हे संभवत नाही. ज्या बेटवासीयांना इस्पितळात जाण्यासाठीही विमानावाचून गत्यंतर नाही, त्यांना मात्र यातून वगळलेच पाहिजे.

कर्ब-भरपाईने बेटांचा काही लाभ होईल, हे नाकारण्याचे कारण नाही. खारफुटी राखणाऱ्याला चार पैसे मिळाले तर ते हवेतच. परंतु ज्याचे घर पाण्यात जात आहे त्याला दुकान थाटण्याचा सल्ला देणे, याला न्याय म्हणत नाहीत. त्याला नुकसानीच्या प्रमाणात हिस्सा मिळाला पाहिजे, आणि तो दान म्हणून नव्हे, तर हक्क म्हणून.