बिघाड कोणाबरोबर जातो?

लातूरहून अहमदपूर, लोहामार्गे नांदेडला जाताना वाटेत एक माध्यमिक शाळा लागते. एका एप्रिलमध्ये प्रयोगांच्या कार्यशाळेसाठी आम्ही तिथे गेलो होतो. काम आटोपल्यावर विज्ञानाच्या बाईंनी आम्हाला संगणक कक्षात नेले.

"सर, दोन संगणक चार दिवसांपासून छळतायत. विंडोज नव्यानं टाकायला घेतलं की मध्येच बंद पडतंय. दुरुस्तीवाले म्हणतात, दोन्हींचे मदरबोर्ड गेले, भंगारात काढा. आणि एकात नववीचे गुण आहेत. एक मेला निकाल लावायचाय."

भंगारात काढणे सोपे असते. दोन नवे संगणक घेणे मात्र कोणत्याही शाळेला जड जाते. सुदैवाने बाईंनी एक फार चांगली गोष्ट केली होती. प्रत्येक प्रयत्न कुठे थांबला, ते त्यांनी वहीत टिपले होते. पहिल्या संगणकावर २३ टक्के, ६१, ३८ आणि ९. दुसऱ्या संगणकावर ७४, ७४ आणि पुन्हा ७४.

वाचकहो, पुढे वाचण्यापूर्वी या आकड्यांकडे क्षणभर पाहा. निम्मे उत्तर त्यांच्यातच आहे.

पुन्हा टाकताना नेमके काय घडते?

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे संगणकाचा सर्व कारभार पाहणारी मूळ प्रणाली. ती बिघडली की आपण नव्याने टाकतो. त्या वेळी संगणक हार्ड डिस्कवरच्या जुन्या प्रणालीने सुरू होत नाही, तर पेन ड्राइव्हवरच्या प्रणालीने सुरू होतो. पेन ड्राइव्हवर आवळून ठेवलेल्या फायली वाचल्या जातात, रॅममध्ये म्हणजे तात्पुरत्या स्मृतीत उलगडल्या जातात आणि मग हार्ड डिस्कवर लिहिल्या जातात.

यातून महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. संगणक या कामातच कोसळत असेल, तर दोष जुन्या प्रणालीचा किंवा तिच्यातल्या व्हायरसचा असण्याची शक्यता फार कमी, कारण ती त्या वेळी चालूच नसते. संशयित उरतात मोजके: पेन ड्राइव्ह व त्यावरची माहिती, रॅम, हार्ड डिस्क व तिची केबल, वीजपुरवठा, उष्णता आणि सुरुवातीच्या बायोसमधील जुळणी.

एकाच जागी की निरनिराळ्या जागी?

आता वहीकडे वळू. दुसरा संगणक दर वेळी ७४ टक्क्यांवरच थांबत होता आणि फाइल वाचता येत नसल्याचा संदेश देत होता. तीच गोष्ट केली की तेच फळ मिळते, तेव्हा दोष बहुधा ठरावीक जागी असलेल्या वस्तूत असतो. पेन ड्राइव्हवरची खराब फाइल किंवा हार्ड डिस्कचा खराब भाग ही त्याची उदाहरणे.

पहिला संगणक मात्र दर वेळी वेगळ्या ठिकाणी कोसळत होता, कधी निळा पडदा दाखवून तर कधी जागीच गोठून. असे घडले की रॅम, उष्णता किंवा वीजपुरवठा यांवर संशय घ्यावा.

रॅममधील दोष तर एकाच पेशीत असतो, मग संगणक निरनिराळ्या जागी का कोसळतो? एसटीच्या गाडीत एक आसन मोडके असले, तरी त्यावर रोज तोच प्रवासी बसत नाही. रॅमचेही तसेच आहे. सदोष पेशीच्या वाट्याला कधी चित्राचा तुकडा येतो आणि काहीच बिघडलेले दिसत नाही. कधी तिथे महत्त्वाची आज्ञा येते आणि सगळे कोसळते.

रॅमची पेशी म्हणजे सूक्ष्म धारित्र. विद्युतभार असला तर १, नसला तर ०. हा भार सतत गळत असतो, म्हणून साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांत प्रत्येक पेशी पुन्हा भरावी लागते. उष्णता वाढली की गळती वाढते. ४ जीबीच्या एका पट्टीत अशा सुमारे ३,४३६ कोटी पेशी असतात. त्यांतली एखादी जरी अधू झाली, तरी खेळ बिघडू शकतो. पत्र्याच्या छपराखालची खोली, चाळीस अंशांच्या वर गेलेला पारा आणि पंख्यावर साचलेली धूळ ही आपल्या मराठवाड्यातली नेहमीची स्थिती या अधू पेशीला आणखी प्रतिकूल ठरते.

एका वेळी एकच बदल

आम्ही प्रथम पंखा आणि कॅबिनेट मऊ ब्रशने साफ केले. संगणक तरीही कोसळला, तेव्हा केवळ धूळ हे कारण नव्हते. मग रॅम तपासायला घेतली. त्यासाठी मेमटेस्ट८६ नावाची आज्ञावली आहे. ख्रिस ब्रेडी यांनी ती १९९४ साली तयार केली. तिच्यावरून पुढे निघालेली मेमटेस्ट८६प्लस ही मुक्त आज्ञावली विनामूल्य मिळते. ती पेन ड्राइव्हवरून थेट सुरू होते, स्मृतीच्या प्रत्येक घरात ठरावीक आकृतिबंध लिहिते आणि तो तसाच परत मिळतो का, ते पाहते. पडद्यावर काही मिनिटांतच लाल ओळी उमटल्या.

संगणकात रॅमच्या दोन पट्ट्या होत्या. त्यांना 'क' आणि 'ख' म्हणू. खाचाही दोन. दोष पट्टीत की खाचेत? संगणक बंद करून, वायर प्लगमधून काढून, धातूला हात लावून अंगावरचा स्थिर विद्युतभार घालवला आणि एका वेळी एकच पट्टी लावून चार चाचण्या घेतल्या. 'क' पहिल्या खाचेत ठीक, दुसऱ्या खाचेतही ठीक. 'ख' पहिल्या खाचेत चुका, दुसऱ्या खाचेतही चुका. संपर्काच्या कडा खोडरबराने हलकेच साफ करूनही फरक पडला नाही. म्हणजे बिघाड खाचेबरोबर राहिला नाही, 'ख' पट्टीबरोबर गेला. मदरबोर्ड निर्दोष सुटला!

दुसऱ्या संगणकासाठीही हीच युक्ती वापरली. तोच पेन ड्राइव्ह कक्षातल्या तिसऱ्या, धडधाकट संगणकाला लावला आणि फक्त फायली वाचून पाहिल्या. त्याच फाइलवर तोही अडला. बिघाड पेन ड्राइव्हबरोबर गेला. दुसरा संगणकही निर्दोष. पेन ड्राइव्ह याच एका संगणकावर अडला असता आणि दुसरीकडे चालला असता, तर मात्र हार्ड डिस्क, केबल आणि बायोसची जुळणी पाहावी लागली असती.

दोन बिघाड की एकच?

मग आम्ही बाईंना विचारले, "हा पेन ड्राइव्ह कोणत्या संगणकावर तयार केला?" त्यांनी पहिल्या संगणकाकडे बोट दाखवले. प्रणालीची मोठी फाइल त्यावरच उतरवून घेतली होती.

अशा फाइलसोबत निर्माते तिची ओळखखूण जाहीर करतात. एसएचए-२५६ या पद्धतीत ही खूण ६४ अंकाक्षरांची असते. फाइलमधला एक बिट जरी बदलला, तरी खूण पार बदलते. गुणाकार बरोबर आहे का हे पाहायला आपण नऊ टाकून ताळा घेतो, त्याच जातीचा पण कितीतरी कडक ताळा. पहिल्या संगणकावरची फाइल तिसऱ्यावर नेऊन ताळा घेतला. जुळला नाही. सदोष रॅममधून जाताना फाइल बिघडली आणि बिघडलेलीच पेन ड्राइव्हवर गेली, हे त्याचे सरळ स्पष्टीकरण. तिसऱ्या संगणकावर फाइल नव्याने उतरवून, ताळा जुळवून, तोच पेन ड्राइव्ह पुन्हा तयार केला. दुसऱ्या संगणकाचे काम त्या संध्याकाळीच पुरे झाले.

आणि नववीचे गुण?

पहिल्या संगणकाला हात लावण्याआधी गुणांच्या फायली वाचवायच्या होत्या. पण सदोष रॅमच्या संगणकावरच प्रत घेतली असती, तर प्रतही बिघडू शकली असती. म्हणून त्याची हार्ड डिस्क काढून तिसऱ्या संगणकाला जोडली आणि तिथे प्रत घेतली.

तरीही धोका उरतोच. साध्या मजकुरात ४ हा अंक ००११०१०० असा साठवतात आणि ६ हा अंक ००११०११० असा. फरक एका बिटाचा! तो बिट उलटला तर ४५ चे ६५ होतात. ना निळा पडदा येतो, ना कसला संदेश. कोसळणारा संगणक निदान ओरडून सांगतो. गुपचूप चुकणारा अधिक घातक.

बाईंनी हस्तलिखित नोंदवही काढली आणि दोन विद्यार्थ्यांना बसवून प्रत्येक गुण ताडून पाहिला. एका मुलीचे गुण खरोखर जुळले नाहीत. ती चूक टंकनाची होती की स्मृतीची, हे आता सांगता येणार नाही. पण ती निकालपत्रात गेली नाही. मग 'ख' पट्टी काढून, एकट्या 'क' वर प्रणाली टाकली. संगणक थोडा मंद चालतो, पण चालतो.

विंडोज १० चा मोफत पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय आणि किमान ४ जीबी रॅम लागते. त्यामुळे अनेक शाळांना जुन्या संगणकांवर दुसरी प्रणाली टाकावी लागेल, मग ती सी-डॅकने तयार केलेली बॉस लिनक्स असो वा अन्य कोणती. ते करताना क्रम असा ठेवावा: आधी निर्दोष संगणकावर माहितीची प्रत, मग फाइलचा ताळा, मग रात्रभर रॅमची चाचणी आणि शेवटी प्रणाली. वीज जाण्याचा भरवसा नसेल तर यूपीएस हवाच. एसएमपीएसची पेटी मात्र उघडू नये. तिच्यातल्या धारित्रांत वीज बंद केल्यावरही भार राहू शकतो.

ही तपासणी शिक्षकांनी नववी-दहावीच्या मुलांकडूनच करून घ्यावी. दोन पट्ट्या, दोन खाचा आणि चार नोंदी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सर्व तसेच ठेवायचे, जे दिसेल ते लिहायचे आणि बिघाड कोणाबरोबर जातो ते पाहायचे. विज्ञानाची पद्धत यापेक्षा वेगळी काय असते?