दारू सुटत का नाही? व्यसनामागची खरी कारणं

"डॉक्टर, घरात काय कमी होतं म्हणून हे प्यायला लागले?" हा प्रश्न बहुतेक वेळा पेशंटची बायको किंवा आई विचारते. पेशंट शेजारी मान खाली घालून बसलेला असतो. विचारणारीला खरं तर वेगळंच विचारायचं असतं: माझं काही चुकलं का?

दारू सुरू का झाली आणि आता थांबत का नाही, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दोन्हींचं उत्तर एकच समजलं की घरात उपचारांऐवजी भांडणं होतात.

सुरुवात बहुधा साधी असते. मित्रांची पार्टी, रात्रपाळीचा थकवा, कंबरदुखी. "झोपेसाठी थोडी घेतो" असं सांगणारे माझ्याकडे बरेच येतात. दारूने डोळा लवकर लागतो, पण पहाटे झोप मोडते, आणि दुसऱ्या रात्री पेग वाढतो. काहींच्या मागे चिंता, नैराश्य किंवा लहानपणी खाल्लेला मार असतो. तो विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

मग एकत्र पिणाऱ्या चौघांपैकी एकालाच व्यसन का लागतं? जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून दिसतं की या धोक्यात साधारण निम्मा वाटा आनुवंशिकतेचा असतो. वडील प्यायचे म्हणून मुलगा पिणारच, असा याचा अर्थ नाही; त्याने जास्त जपावं, एवढाच. दहावी-बारावीच्या वयात सुरुवात झाली तरी धोका वाढतो. आणि ज्याला "कितीही घेतली तरी चढत नाही" म्हणून मित्र शाबासकी देतात, त्याचीच मला जास्त काळजी वाटते. न चढणाऱ्याला थांबायची सूचना शरीराकडून मिळतच नाही.

मेंदूत काय बदलतं?

दारू मेंदूला शांत करते. ती रोज मिळू लागली की मेंदू तोल साधण्यासाठी स्वतःला जास्त उत्तेजित ठेवायला शिकतो. मग दारू उतरली की हात थरथरतात, घाम फुटतो, छाती धडधडते. सकाळचा घोट मजेसाठी नसतो, ही थरथर थांबवण्यासाठी असतो. अशा माणसाला "मनावर घे" म्हणून भागत नाही.

म्हणूनच, रोज भरपूर पिणाऱ्याला खोलीत कोंडून दारू बंद करू नका. पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधं आणि बी१ जीवनसत्त्व देऊन हे दिवस सुरक्षितपणे काढता येतात. चहातून गुपचूप गोळी देण्याचा सल्ला शेजारीपाजारी देतात, जाहिरातीही तसंच सांगतात. तसं करू नका. यातल्या काही गोळ्यांवर दारू पोटात गेली तर बीपी धोकादायकरीत्या खाली येतं.

डॉक्टरांकडे येताना तीन गोष्टी आठवून या: रोज किती घेतात, शेवटची कधी घेतली, पूर्वी बंद केल्यावर फिट आली होती का. पेशंट यायला तयार नसेल तर घरच्यांनी एकटं आलं तरी चालतं. १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनवरही विनामूल्य बोलता येतं.